दोन आजार, एक गरोदर बाई

व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, केनियाच्या पश्चिम भागात जन्मलेल्या मुलीला हिवताप नवा नसतो. पाच वर्षांची होईपर्यंत तो तिला कितीदा तरी येऊन गेलेला असतो आणि तिच्या बरोबरीची काही मुले त्याने नेलेली असतात. जी वाचतात, त्यांचे शरीर या रोगाशी निभावून न्यायला शिकते. वयात येईपर्यंत अशी अवस्था होते की रक्तात परजीवी सापडला तरी अंग तापत नाही, शेतातले काम थांबत नाही. मग तिला पहिल्यांदा दिवस जातात आणि इतक्या वर्षांत मिळवलेले हे संरक्षण अचानक अपुरे पडू लागते. हिवतापाचा परजीवी तिच्या वारेत साठतो. बाळ कमी वजनाचे जन्मते, कधी दिवस भरण्याआधी जन्मते, कधी मृत जन्मते. दुसऱ्या बाळंतपणात हा धोका कमी होतो, तिसऱ्यात आणखी कमी. तिचे शरीर पुन्हा एकदा शिकते; या वेळी ते वारेचे रक्षण करायला शिकते.

याच बाईच्या रक्तात एचआयव्ही असेल तर? ती तिसऱ्या खेपेची असली तरी हिवताप तिला पहिलटकरणीसारखा गाठतो. दोन बाळंतपणांत शरीराने जे कमावले, ते विषाणू हिरावून घेतो. या पुस्तकाचा विषय हाच आहे: गरोदरपण, हिवताप आणि एचआयव्ही एकाच देहात एकत्र आले की प्रतिकारशक्तीचे नेमके काय होते, आणि ते समजून घेतल्याने आई व बाळ यांच्यासाठी काय करता येते.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. या आजारांसाठी जगभर दोन वेगळे विभाग आहेत, दोन वेगळे निधी आहेत, दोन वेगळ्या नोंदवह्या आहेत. गरोदर बाई मात्र एकच आहे. तिच्या शरीरात हे दोन आजार एकमेकांचे बळ वाढवतात, आणि एकासाठी दिलेले औषध दुसऱ्याच्या उपचारात आड येऊ शकते. म्हणून या दोहोंचा अभ्यास आणि उपचार एकत्रच व्हायला हवेत. पुढच्या सर्व प्रकरणांचा रोख याच एका गोष्टीकडे आहे.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली हिवतापाचा मध्यम ते तीव्र प्रसार असलेल्या आफ्रिकेतील ३३ देशांत सुमारे साडेतीन कोटी स्त्रिया गरोदर होत्या. त्यांपैकी सुमारे १ कोटी २७ लाख, म्हणजे तिघींतल्या एकीहून अधिक, गरोदरपणात हिवतापाला सामोऱ्या गेल्या. एचआयव्हीसह जगणाऱ्या बारा-तेरा लाख स्त्रिया दर वर्षी गरोदर राहतात आणि त्यांतल्या बहुसंख्य सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतच आहेत. मलावी, मोझांबिक, झांबिया, युगांडा, टांझानिया, पश्चिम केनिया या भागांत दोन्ही आजारांचे नकाशे एकमेकांवर पडतात.

प्रतिकारशक्तीचा विचार करताना एक गैरसमज आधी दूर करायला हवा. गरोदरपणात बाईची प्रतिकारशक्ती सरसकट कमी होते, असे अनेकदा शिकवले जाते. ते पुरते खरे नाही. पीटर मेडावार यांनी १९५३ साली एक मूलभूत कोडे मांडले होते: बाळाचा अर्धा वारसा बापाकडून आलेला असतो, आईच्या शरीराच्या दृष्टीने तो परका असतो, मग आईचे शरीर त्याला नऊ महिने बाहेर का टाकत नाही? पुढच्या सत्तर वर्षांतल्या संशोधनाने या कोड्याची उत्तरे टप्प्याटप्प्याने दिली. गर्भाशयातील नैसर्गिक मारक पेशी, दाहाला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी, वारेतून स्रवणारी संप्रेरके हे सगळे मिळून प्रतिकारशक्तीची दिशा बदलतात. गर्भ रुजताना दाह लागतो, मधल्या महिन्यांत तो आवरावा लागतो, आणि प्रसूतीच्या वेळी तो पुन्हा लागतो. गरोदर बाई दुबळी झालेली नसते. तिची प्रतिकारशक्ती अतिशय नाजूक तोल सांभाळत काम करत असते. हिवताप आणि एचआयव्ही हे दोन्ही आजार नेमका हा तोल बिघडवतात.

हिवतापाचा परजीवी वारेतच का साठतो, याचे उत्तर गेल्या तीस वर्षांतल्या सुंदर संशोधनांपैकी एक आहे. प्लास्मोडियम फॅल्सिपॅरम हा परजीवी तांबड्या रक्तपेशीत वाढतो. आत राहून तो पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःची प्रथिने उगवतो आणि त्यांच्या आधारे ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते. अशी चिकटलेली पेशी रक्ताबरोबर प्लीहेत जात नाही आणि तिथे गाळली जाण्यापासून वाचते. या प्रथिनांची सुमारे ६० जनुके परजीवीजवळ असतात. एका वेळी त्यांतले एकच चालते. प्रतिकारशक्तीने एक रूप ओळखले की परजीवी बहुरूप्यासारखा वेष पालटतो. लहानपणापासून हिवताप सोसलेल्या माणसाने यांतले बरेच वेष ओळखून ठेवलेले असतात. त्याचे संरक्षण याच ओळखीतून येते.

गरोदरपणात मात्र शरीरात एक नवा अवयव तयार होतो: वार. तिच्या पृष्ठभागावर कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए नावाची शर्करायुक्त साखळी विपुल असते. केनियात काम करणाऱ्या मिखाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांनी १९९६ साली दाखवले की वारेतून मिळालेल्या परजीवीयुक्त पेशी नेमक्या या रेणूला चिकटतात; इतरत्र आढळणाऱ्या परजीवीयुक्त पेशी सहसा तसे करत नाहीत. २००३ साली कोपनहेगनमधील अली सालान्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चिकटण्यामागचे प्रथिन शोधले. त्याचे नाव व्हार-टू-सीएसए. पुरुषाच्या, मुलाच्या किंवा कधीही गरोदर न राहिलेल्या स्त्रीच्या शरीराची या वेषाशी सहसा गाठच पडलेली नसते, म्हणून त्याविरुद्धची प्रतिपिंडेही नसतात. पहिलटकरीण या धोक्याला रिकाम्या हाताने सामोरी जाते ती यामुळे. एक-दोन गरोदरपणांनंतर व्हार-टू-सीएसएला ओळखणारी प्रतिपिंडे तयार होतात आणि वारेत साठणाऱ्या परजीवींना अडवू लागतात.

वारेत परजीवी साठले की तिथे दाह सुरू होतो. आईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वारेच्या पोकळ्यांत गोळा होतात. टीएनएफ आणि इंटरफेरॉन गॅमा ही सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले रासायनिक निरोप असतात. ती वाजवी प्रमाणात आणि वेळेवर स्रवली तर परजीवी मरतो. अति झाली किंवा फार काळ टिकली तर वारच जखमी होते, बाळापर्यंत अन्नद्रव्ये पुरेशी पोचत नाहीत आणि वाढ खुंटते. वारेतल्या टीएनएफचे वाढलेले प्रमाण आणि बाळाचे कमी वजन यांचा संबंध आफ्रिकेतील अभ्यासांत स्पष्ट दिसला आहे. जन्मवेळी वजन २५०० ग्रॅमहून कमी असलेल्या बाळाचा पहिल्या वर्षातला मृत्यूचा धोका लक्षणीय वाढतो. आईच्या बाजूने तीव्र रक्तक्षय येतो, आणि बाळंतपणातल्या रक्तस्रावात हाच रक्तक्षय जीवघेणा ठरतो.

यात एक गोष्ट दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावी. तीव्र हिवतापाच्या प्रदेशात वार परजीवींनी भरलेली असतानाही आईला ताप नसू शकतो आणि बोटातून घेतलेल्या रक्ताच्या काचपट्टीवर परजीवी दिसत नाही, असेही होऊ शकते. बाई ठणठणीत दिसते, तपासणी निर्दोष येते आणि आत बाळ उपाशी असते. त्यामुळे ताप आल्यावर उपचार करू, हे धोरण इथे पुरत नाही. प्रतिबंधच करावा लागतो.

आता दुसऱ्या आजाराकडे वळू. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मलावीतील मांगोची जिल्ह्यात गरोदर स्त्रियांमधील हिवतापाचा मोठा अभ्यास झाला. त्याच काळात एचआयव्ही त्या देशात पसरत होता. त्या अभ्यासात आणि त्यानंतर केनियातील किसुमू शहरात झालेल्या कामात एकच चित्र उमटले: एचआयव्ही असलेल्या गरोदर स्त्रियांच्या रक्तात आणि वारेत हिवतापाचा परजीवी अधिक वेळा आणि अधिक संख्येने सापडतो. निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब २००४ साली मांडला गेला, तेव्हा हा धोका सुमारे दीडपट निघाला. सर्वांत बोलकी गोष्ट मात्र दुसरीच होती. एचआयव्ही नसलेल्या स्त्रियांत दर बाळंतपणागणिक जे संरक्षण वाढत जाते, ते एचआयव्ही असलेल्या स्त्रियांत पुरेसे वाढतच नव्हते. पहिलटकरीण आणि तीन-चार खेपांची बाई यांच्यातला फरक पुसट झाला होता.

असे का होते, याची उत्तरे प्रतिकारशक्तीच्या तीन पातळ्यांवर सापडतात. पहिली पातळी प्रतिपिंडांची. मलावीतील ब्लँटायर येथे झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की वारेत चिकटणाऱ्या परजीवींविरुद्धची प्रतिपिंडे एचआयव्ही असलेल्या गरोदर स्त्रियांत कमी असतात, आणि सीडी-४ पेशींची संख्या जितकी घटते तितकी ही तूट वाढते. प्रतिपिंडे बी-पेशी बनवतात. पण टिकाऊ आणि नेमकी प्रतिपिंडे बनवायला त्यांना सीडी-४ टी-पेशींची मदत लागते. एचआयव्ही याच सीडी-४ पेशींवर हल्ला करतो. शिवाय एचआयव्ही आणि वारंवारचा हिवताप, दोन्हींत बी-स्मृतिपेशींचा एक थकलेला, मंद प्रतिसाद देणारा प्रकार रक्तात वाढतो, असेही आढळले आहे.

दुसरी पातळी भक्षक पेशींची. प्रतिपिंडांचे एक मोठे काम म्हणजे परजीवीयुक्त पेशीवर खूण करणे. ती खूण पाहून भक्षक पेशी तिला गिळतात. एचआयव्हीमध्ये खूण करणारी प्रतिपिंडे कमी पडतात. प्रयोगशाळेत असेही दिसले की एचआयव्हीने ग्रासलेल्या भक्षक पेशींची गिळण्याची क्षमताच उतरते. तिसरी पातळी सायटोकाइनांची. किसुमूमधील संशोधकांनी वारेतल्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या आणि त्यांना हिवतापाच्या प्रथिनांसमोर ठेवले. ज्या स्त्रियांची वार हिवतापापासून सुरक्षित राहिली होती, त्यांच्या पेशी इंटरफेरॉन गॅमा भरपूर बनवत होत्या. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांत हा प्रतिसाद क्षीण होता. ओळखणे, गिळणे आणि वेळेवर इशारा देणे, अशी तिन्ही कामे एकाच वेळी ढासळतात.

हे नाते एकतर्फी नाही. हिवतापही एचआयव्हीला बळ देतो. परजीवीशी लढण्यासाठी सीडी-४ पेशी जाग्या होतात आणि जागी झालेली सीडी-४ पेशी विषाणूला वाढायला अधिक सोयीची असते. टीएनएफमुळे पेशीतली जी यंत्रणा चालू होते, तीच एचआयव्हीच्या जनुकांनाही चालना देते. मलावीतील अभ्यासांत हिवतापाच्या काळात रक्तातल्या एचआयव्हीचे प्रमाण वाढलेले दिसले आणि हिवताप बरा झाल्यावर काही आठवड्यांत ते पुन्हा उतरले. वारेतही बदल होतात: हिवताप झालेल्या वारेतल्या भक्षक पेशींवर सीसीआर-५ हा रेणू अधिक आढळला आहे. एचआयव्हीला पेशीत शिरण्यासाठी याच रेणूचा आधार लागतो.

मग वारेतल्या हिवतापामुळे आईकडून बाळाला एचआयव्ही जाण्याचा धोका वाढतो का? हा प्रश्न अत्यंत महत्त्वाचा आहे आणि त्याचे सरळ उत्तर देण्याचा मोह टाळायला हवा. युगांडातील रकाई येथील अभ्यासात धोका वाढलेला दिसला. केनियातील मोम्बासा येथे तसा संबंध आढळला नाही. किसुमूमध्ये चित्र आणखी गुंतागुंतीचे निघाले: वारेत परजीवी थोडे असतील तर धोका उलट कमी, आणि पुष्कळ असतील तर जास्त. हे तिन्ही अभ्यास २००३-०४ या काळात प्रसिद्ध झाले. मला त्यांतला विरोध गोंधळात टाकणारा वाटत नाही. तो बोधक वाटतो. थोडा दाह विषाणूला आवर घालणारे रेणू जागे करत असेल आणि जास्त दाह वारेची भिंतच फोडत असेल, ही त्यामागची एक पटणारी मांडणी आहे. प्रतिकारशक्तीत प्रमाण आणि वेळ यांना किती महत्त्व आहे, हे यातून कळते.

या सगळ्याचा वाटा बाळाच्या पदरीही पडतो, अगदी त्याला एचआयव्ही किंवा हिवताप झाला नाही तरी. जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बाळाचे रक्षण आईने दिलेली प्रतिपिंडे करतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आयजीजी जातीची प्रतिपिंडे वारेतल्या एका खास ग्राहक रेणूवर स्वार होऊन आईकडून बाळाकडे जातात. एचआयव्हीमध्ये आईच्या रक्तात निरुपयोगी प्रतिपिंडांची इतकी गर्दी होते की ग्राहक रेणू अपुरे पडतात. हिवताप वारेची रचना बिघडवतो. परिणामी गोवर आणि धनुर्वात यांच्याविरुद्धची आईची प्रतिपिंडे बाळापर्यंत कमी पोचतात, असे मलावी आणि केनियातील अभ्यासांनी दाखवले आहे. आईने धनुर्वाताची लस घेतली, नोंदवहीत खूण झाली, तरी बाळाच्या वाट्याला पूर्ण संरक्षण येईलच असे नाही. एचआयव्हीग्रस्त आईच्या पोटी एचआयव्हीमुक्त जन्मलेली मुले इतर मुलांपेक्षा जास्त आजारी पडतात, याची अनेक कारणे आहेत. त्यांतले एक हे आहे. ही मुले निगेटिव्ह निघाली की कार्यक्रमाच्या दृष्टीने यश नोंदवले जाते. त्या यशानंतरही त्यांच्याकडे लक्ष देत राहणे हे आपले कर्तव्य आहे.

उपचारांकडे आले की दोन स्वतंत्र कार्यक्रमांची अडचण उघड होते. तीव्र हिवतापाच्या आफ्रिकी प्रदेशांत गरोदर स्त्रियांना दुसऱ्या तिमाहीपासून प्रत्येक तपासणीच्या वेळी, किमान एक महिन्याच्या अंतराने, सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइनचा डोस द्यावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१२ पासूनची शिफारस आहे. एचआयव्ही असलेल्या अनेक स्त्रियांना इतर संसर्ग टाळण्यासाठी रोज को-ट्रायमॉक्साझोल दिले जाते. दोन्ही औषधांत सल्फा आहे. एकत्र दिली तर त्वचा सोलवटून टाकणारी गंभीर प्रतिक्रिया येण्याचा धोका वाढतो. म्हणून ज्या बाईला हिवतापाचा धोका सर्वांत जास्त, तिलाच त्याचे नेहमीचे प्रतिबंधक औषध देता येत नाही. को-ट्रायमॉक्साझोलने थोडे संरक्षण मिळते, पण परजीवी या औषधांना सरावत चालला आहे, तशी त्याचीही धार कमी होते.

पर्याय म्हणून मेफ्लोक्विनची चाचणी केनिया, टांझानिया आणि मोझांबिक येथे झाली. २०१४ साली आलेले तिचे निष्कर्ष या विषयातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचायला हवेत. औषधाने हिवताप कमी केला. पण ते घेतलेल्या स्त्रियांत बाळंतपणाच्या वेळी एचआयव्हीचे प्रमाण अधिक होते आणि बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट निघाले. फक्त हिवतापाचा आकडा पाहिला असता, तर हे औषध यशस्वी ठरून गावोगाव गेले असते. दोन्ही आजारांचे मोजमाप एकाच स्त्रीत केले गेले, म्हणून अनर्थ टळला. त्यानंतर डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पिपराक्विन या औषधाच्या मासिक डोसांच्या चाचण्या केनिया-मलावी आणि गॅबॉन-मोझांबिक येथे झाल्या. २०२४ साली त्यांचे निष्कर्ष आले आणि त्या औषधाने गरोदरपणातला हिवताप कमी झाल्याचे दिसले. तिथेही औषधांच्या परस्परसंबंधाचे भान ठेवावे लागते: एचआयव्हीवरील एफाव्हिरेन्झ हे औषध पिपराक्विनची रक्तातली पातळी खाली आणते.

एचआयव्हीच्या उपचाराने मात्र या वीस-पंचवीस वर्षांत खरोखर युग पालटले. उपचाराविना आईकडून बाळाला एचआयव्ही जाण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. नीट उपचार आणि देखभाल मिळाल्यास ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. २०११ साली मलावीने एक धाडसी निर्णय घेतला. सीडी-४ मोजायची यंत्रे खेडोपाडी नव्हती. तेव्हा मोजणीची वाट न पाहता प्रत्येक एचआयव्हीग्रस्त गरोदर स्त्रीला आयुष्यभरासाठी उपचार सुरू करायचे, असे त्या गरीब देशाने ठरवले. पुढे जगाने तोच मार्ग स्वीकारला. प्रतिकारशक्तीच्या अंगाने पाहता या निर्णयाचे मोल आणखी वाढते. उपचाराने विषाणू दबतो, सीडी-४ पेशी पुन्हा वाढतात. पण एकदा गमावलेल्या स्मृतिपेशी पूर्णपणे परत येत नाहीत. म्हणून उपचार जितके लवकर, तितके शरीराने कमावलेले अधिक टिकते. गरोदरपणाआधीच उपचार सुरू झालेले असणे ही या सर्वांतली सर्वांत चांगली स्थिती.

लसीच्या दिशेनेही पावले पडत आहेत. व्हार-टू-सीएसएवर आधारलेल्या पॅमव्हॅक आणि प्रिमव्हॅक या दोन लसींच्या पहिल्या टप्प्यातील चाचण्या अनुक्रमे जर्मनी-बेनिन आणि फ्रान्स-बुर्किना फासो येथे झाल्या आहेत. पहिल्या गरोदरपणाआधीच मुलीला वारेचे रक्षण शिकवावे, ही त्यांमागची कल्पना. या लसी प्रत्यक्षात येतील तेव्हा एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलींच्या शरीरात त्या कितपत रुजतील, याचा विचार पहिल्या दिवसापासून व्हायला हवा. आजवर गरोदर स्त्रियांना औषधांच्या चाचण्यांतून काळजीपोटी वगळले गेले आणि परिणामी त्यांच्यासाठी खात्रीची औषधे फार थोडी उरली. पहिल्या तिमाहीत आर्टेमेथर-लुमेफँट्रिन देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अखेरीस केली. तोवर इतर सर्व रुग्णांना हे औषध मिळायला लागून बरीच वर्षे लोटली होती. वगळणे म्हणजे संरक्षण नव्हे.

मराठी वाचकाने हा विषय परका समजू नये. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ साली चेन्नईत ज्यांच्या मार्गदर्शनाखाली शोधले गेले, त्या डॉ. सुनीती सोलोमन माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने एचआयव्हीवरील तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरना देऊ केला, तेव्हा आफ्रिकेत उपचार परवडणारे होण्याची वाट मोकळी झाली. ऑक्सफर्ड विद्यापीठाची आर-२१ ही मुलांसाठीची हिवतापाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली तिची शिफारस केली. आपल्याकडे दोन्ही आजार एकत्र असलेल्या गरोदर स्त्रियांची संख्या आफ्रिकेच्या मानाने फार कमी आहे. पण गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फॅल्सिपॅरम हिवताप आजही आहे आणि महाराष्ट्राने एचआयव्हीचा मोठा भार सोसला आहे. मध्य भारतातील गरोदर स्त्रियांच्या हिवतापावर जबलपूरच्या डॉ. नीरू सिंह यांनी केलेले काम आपल्याला अधिक जवळचे आहे. आपल्याकडे हिवतापाचा प्रसार आफ्रिकेइतका सततचा नसल्याने बायकांना लहानपणापासूनचे संरक्षण मिळालेले नसते. त्यामुळे इथे पहिल्या खेपेची असो वा चौथ्या, प्रत्येक गरोदर स्त्री धोक्यात असते आणि आजार अधिक तीव्र रूप घेतो. आफ्रिकेतील धडे जसेच्या तसे इथे लागू करता येणार नाहीत. त्यांमागची कारणे समजली तरच ते आपल्या मातीत उपयोगी पडतील.

पुस्तकाची रचना याच हेतूने केली आहे. पहिला भाग गरोदरपणातल्या प्रतिकारशक्तीचा, दुसरा वारेतल्या हिवतापाचा, तिसरा एचआयव्हीचा आणि चौथा या तिघांच्या एकत्र येण्याचा आहे. शेवटचा भाग उपचार आणि प्रतिबंध यांचा. परिचारिका, वैद्यकीय विद्यार्थी, आरोग्यसेवक आणि विज्ञानाची आवड असलेला कोणताही वाचक हे पुस्तक समजू शकेल अशी भाषा ठेवली आहे. ज्यांना प्रतिकारशक्तीशास्त्राचा परिचय नाही, त्यांनी पहिला भाग सोडू नये. पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी निदान चौथा भाग वाचावा.

आणि जे प्रत्यक्ष दवाखान्यात, उपकेंद्रात किंवा पाड्यावर काम करतात, त्यांना एक विनंती आहे. गरोदर बाई तपासणीला येईल तेव्हा तिला एका रोगाचा रुग्ण म्हणून पाहू नका. एचआयव्हीची तपासणी करताना हिवतापाची विचारपूस करा. हिवतापाचे औषध देताना ती आणखी कोणत्या गोळ्या घेते ते विचारा. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी तिच्या घरात आहे का, ती रात्री तिच्याखाली झोपते का, याची खात्री करा. बाळंतपणानंतर बाळ एचआयव्हीमुक्त निघाले तरी त्याचे लसीकरण वेळेवर होते आहे ना, यावर नजर ठेवा. यांतल्या कशालाही मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन नोंदवह्या एकाच टेबलावर उघडाव्या लागतात, एवढेच.